राबणाऱ्या अंगालाही तालीम हवी

जुन्नर-आंबेगावात कुणाला "थोडा व्यायाम करत जा" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "दिवसभर रानात मरतोय, आता आणखी कसला व्यायाम?" हे उत्तर खोटं नाही. कांद्याच्या लागणीला सकाळपासून वाकलेली बाई जे सोसते, ते शहरातल्या जिममधल्या पहिलवानाला अर्धा दिवससुद्धा जमायचं नाही. पण याच घरातली चाळिशीतली माणसं लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर कठडा धरून उभी राहतात, गुडघे चोळतात आणि कंबरपट्टा बांधून पुन्हा कामाला लागतात. अंग राबतं, पण घडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

हृदयापासून सुरुवात करू. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. तोच माणूस दमदार चढण चढू लागला की हे प्रमाण १५ ते २० लिटरपर्यंत जातं. असा जोर थोडा वेळ पण वरचेवर मिळाला, तर हृदयाचा डावा कप्पा एकेका ठोक्याला जास्त रक्त टाकायला शिकतो आणि एरवीचे ठोके कमी होतात. खुरपणीत, कांदे काटण्यात, घडांच्या विरळणीत हा जोर लागतच नाही. ठोके थोडेसे वाढतात आणि आठ तास तसेच चढे राहतात. हृदयाला त्यातून ताकद मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. कामावर अंगमेहनत जास्त असलेल्यांना उलट जास्त. डेन्मार्कचा कामगार आणि आपला शेतकरी एक नव्हे, आणि अशा पाहण्यांत गरिबीचा परिणाम कितपत वेगळा काढता येतो याबद्दल मला शंका आहे. तरी अभ्यासकांनी सुचवलेलं कारण पटण्यासारखं आहे: कामातली मेहनत लांबलचक आणि एकसुरी असते, आणि मध्ये विसावा नसतो.

त्याच्या उलट दाखला लंडनचा. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना मांडली. दोघं एकाच बसवर, एकाच पाळीत. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. म्हणजे काम व्यायाम होऊ शकतं, पण पाय चालले पाहिजेत आणि मधूनमधून चढ लागला पाहिजे. मुंबईत डबे पोचवणारे आपल्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले लोक सायकल मारतात, स्टेशनचे जिने चढतात. त्यांचं काम कंडक्टरच्या जातीचं. रानातलं आजचं काम कुणाच्या जातीचं, हे ज्याचं त्याने तपासावं.

कारण रानातून पाय गेले आहेत. बैलाच्या नांगराने एक एकर नांगरायचा तर वीतभर रुंदीच्या तासामागे तास धरून माणूस पंधरा-वीस किलोमीटर चालायचा. आता तिथे ट्रॅक्टर आहे. बांधापर्यंत दुचाकी जाते. ठिबक आल्यापासून बारे देण्यासाठी पाटाकडेने धावपळ उरली नाही, आणि मोटर तर घरबसल्या मोबाइलवरून सुरू होते. हे सगळं चांगलंच झालं. जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा मोट हाकून पाहावी. फक्त झालं असं की हातांचं आणि कमरेचं काम तसंच राहिलं, पायांचं संपलं, आणि ताटातला भात-भाकरीचा ढीग तेवढाच राहिला. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला, आपटाळ्याच्या पलीकडे डोंगरात अजून माणसं चालतात, हिरड्याच्या झाडावर चढतात. नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात पोट सुटतं ते पाणी आल्यावर.

गंमत अशी की तालीम म्हणजे काय, हे या भागाला कुणी शिकवायला नको. शर्यतीच्या बैलाला कुणी दिवसभर कामाला जुंपून थेट घाटात उतरवत नाही. आधी थोडं पळवायचं, हळूहळू वाढवायचं, पळवल्यावर विसावा द्यायचा, खुराक वेळेवर द्यायचा, पाय दुखावला तर गाडा सोडून द्यायचा. माणसाच्या शरीराचा नियम अगदी हाच आहे. नेहमीपेक्षा थोडा जास्त भार, मग विश्रांती. त्या विश्रांतीत स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होऊन उभा राहतो. विश्रांती नसेल तर नुसती झीज.

आता काय करायचं ते. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाट्याने चाललात तर पहिला हिस्सा पुरा होतो. झपाटा किती, हे मोजायला घड्याळ नको. चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. म्हणता आला तर वेग वाढवा. दोन शब्दांत धाप लागली तर कमी करा.

चढासाठी आपल्याइतकी सोय महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे. शिवनेरीची सात दरवाजांची वाट, लेण्याद्रीच्या पावणेतीनशेच्या वर पायऱ्या, गावोगावच्या टेकड्यांवरची देवळं. आठवड्यातून एकदा यातलं काहीतरी चढा. पहिल्या खेपेला वरपर्यंत जायचा हट्ट नको. पाऊल पूर्ण टेकवा, आखूड टाका, श्वास नाकाने आत घेऊन तोंडाने सोडा, आणि थांबलात तर खाली बसू नका, उभ्या-उभ्या पाय हलवत राहा. चढताना पोटऱ्या पिळल्या जातात आणि पायातलं रक्त हृदयाकडे वर ढकललं जातं. हालचाल एकदम थांबवलीत की ते रक्त पायात साचतं आणि भोवळ येऊ शकते. जीवधन किंवा शिवनेरीची साखळीची वाट मात्र व्यायामाची नव्हे. तिथे दोर आणि जाणता माणूस लागतो, आणि पावसाळ्यात तर शेवाळलेल्या पायऱ्यांकडे वळूच नका.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर स्वतःची परीक्षाही घेता येते. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० साली एक साधं माप मांडलं: न थांबता, न धावता साठ पायऱ्या मिनिटाभरात चढता आल्या तर हृदय ठीक; दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला तर तपासून घ्या. ते माप घरातल्या सारख्या उंचीच्या जिन्याचं आहे. लेणीच्या पायऱ्या उंच-सखल, म्हणून तिथे दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही; स्वतःचा आजचा वेळ लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. चढून थांबल्याबरोबर मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा, मिनिटभर संथ पावलं टाका, पुन्हा मोजा. तेवढ्यात निदान १२ ठोके तरी उतरले पाहिजेत. उतरत नसतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात, त्या घेणाऱ्यांना ही मोजणी लागू नाही. आणि ज्यांचा रक्तदाब, साखर कधीच पाहिलेली नाही, त्यांनी चढाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती पाहून यावी.

लोक घाबरतात चढाला, गुडघे दुखावतात उतारावर. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, पायऱ्या चढताना तीन पट, उतरताना जवळपास साडेतीन पट. शिवाय उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत भार पेलतो. ब्रेक दाबून गाडी उतरवण्याचं काम तो करत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून गडावरून आलात त्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठवत नाही. हे दुखणं "अॅसिड साचल्याचं" नव्हे. ते तर तासा-दोन तासांत निघून जातं. दुखणं चार दिवसांत विरतं, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला कमी दुखतं. गोळी घेऊन रोजच्या कामाला जुंपून घेण्यापेक्षा हलकं चालणं बरं. उतरताना गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठी वापरा, उड्या मारत उतरू नका. सांध्यात सूज आली, गुडघा अडकला किंवा दुखणं एकाच ठिकाणी टोचत राहिलं, तर ते स्नायूचं नव्हे, हे ओळखा.

कमरेचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या दोन तालुक्यांत त्यावाचून घर नाही. कांद्याची लागण असो, भातलावणी असो की टोमॅटोची तोडणी, माणूस तासन्‌तास कमरेत वाकलेला असतो. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू काम करणं जवळजवळ थांबवतात आणि सगळा भार मणक्यांच्या मागच्या बंधांवर आणि मधल्या चकत्यांवर जातो. वीस मिनिटं असं राहिलं की ते बंध सैलावतात, आणि उभं राहिल्यावरही लगेच पूर्ववत ताठ होत नाहीत. नेमक्या याच वेळी कुणीतरी हाक मारतं, "गाडी आलीय, कॅरेट भरा." कमरेत लचक भरते ती इथे. तेव्हा वाकण्याच्या कामातून थेट ओझ्याकडे जाऊ नका. आधी उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सात वेळा मागे झुका, बांधावरून चक्कर मारा, मग ओझं. आणि वाफ्याच्या प्रत्येक टोकाला पोचल्यावर एकदा सरळ व्हायचं, ही सवय मुकादमाने सगळ्या मजुरांना लावली तर काम कमी होणार नाही, दुपारनंतर उलट वाढेल.

दुसरी धोक्याची वेळ पहाटेची. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. आणि आपली पहाट सुरू होते ती गोठ्यात, शेणाच्या पाटीने. उठल्यावर पहिला तासभर तरी खोल वाकून ओझं उचलणं टाळा. आधी वैरण टाका, झाडलोट उभ्याने करा, धारेला स्टूल घ्या, शेण नंतर.

उचलताना ओझं छातीला चिकटलेलं हवं. वीस किलोचं कॅरेट हात लांब करून धरलं की कमरेला ते कित्येक पट जड होतं. पिकअपमध्ये टाकताना धड पिळू नका, पाय वळवा. श्वास कोंडून उचलल्याने रक्तदाब एकदम उसळतो. उचलताना श्वास सोडा.

द्राक्षबागेत दुखणं वर सरकतं. विरळणीला, घड बुडवायला हात खांद्याच्या वर राहतात. खांद्याच्या सांध्यातली फट अरुंद होते आणि तिथली शीर चेपली जाते. स्टुलावर उभं राहून हात खांद्याच्या पातळीत आणणं हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा असा: सायकलची जुनी ट्यूब मांडवाच्या खांबाला बांधा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, पाठीचे फरे जवळ आणा. पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. पुढे झुकून काम करणाऱ्या प्रत्येकाला हा उलट्या दिशेचा व्यायाम लागतो, कारण रानात मागे ओढण्याचं काम फारसं उरलेलं नाही.

ताकदीसाठी आठवड्यातले दोन दिवस पुरेत. जोर आणि बैठका यात्रेच्या आखाड्यासाठी राखून ठेवलेल्या नाहीत. पन्नाशीच्या माणसाने शंभर बैठका काढायचं मनात आणू नये. खाटेच्या काठावर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा, तीन फेऱ्या. हे सोपं झालं की खाट काढून टाका. जोर भिंतीला हात लावून सुरू करा, मग ओट्याला, मग जमिनीवर. त्याला भुजंगासन आणि शलभासन जोडलंत की पाठीचा हिशेब पुरा होतो. तिशीनंतर दर दशकात स्नायू तीन ते आठ टक्के घटतात आणि साठीनंतर वेगाने. सत्तरीतला आजोबा घसरून पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं, त्याची सुरुवात चाळिशीत सुटलेल्या मांड्यांपासून झालेली असते.

वेळ कुठली? मासिकांत "पहाटे पाचला उठा, मोकळ्या हवेत फिरा" असं लिहिलेलं असतं. जुन्नर वनविभागात हा सल्ला जीवावर बेतू शकतो. उसात बिबट्या असतो, म्हणून उसाच्या कडेने अंधारात फिरायचं नाही. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडल्यावरच निघा, दोघं-तिघं मिळून, बोलत चला, कानात गाणी नकोत. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटतो, म्हणून उसाशेजारी पायाची बोटं धरायला वाकणं, बैठका काढणं नको. हे प्रकार अंगणात किंवा शाळेच्या मैदानात करा. मुलांना सायंकाळी उसाच्या रस्त्याने पळायला पाठवू नका. ज्यांना उजेडात वेळच नाही, त्यांनी घराच्या जिन्यावर किंवा गच्चीवर दहा-दहा मिनिटं तीनदा केली तरी चालतं. तुकड्यातुकड्याने केलेली हालचाल अंगी लागत नाही, हा समज जुना झाला.

उन्हाळ्यात कांदा काढणीला तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही. तहान लागेपर्यंत थांबू नका. नुसतं पाणी पीत राहिल्याने पायात गोळे येत असतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, एवढंच पुरे. साखर-रक्तदाबवाल्यांनी हे डॉक्टरांना विचारून. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी दुपारी कांदे भरायला लावू नये. उन्हात माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

खाण्याबद्दल एकच तक्रार. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याकडे पहाटे कॅन घेऊन दूध डेअरीला जातं आणि घरात उरतं चहापुरतं. पेलाभर दूध सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात-आठ, एक अंडं सहा, वाटीभर मटकीची उसळ साधारण तेवढीच. भाकरीतूनही थोडी मिळतात. हे दिवसभरात विभागून खाल्लं तरच व्यायामाने दुखावलेला स्नायू भरून येतो. पश्चिमेकडची नाचणी हाडांसाठी दुधाच्या तोडीची आहे. ती विकून मैद्याची बिस्किटं आणण्याचा व्यवहार मला कधी कळला नाही.

झोपेचं दुखणं शेतीपंपाच्या विजेच्या पाळीशी बांधलेलं आहे. रात्री लाईट असलेल्या आठवड्यात पाण्यावर गेलेल्या माणसाने जड व्यायाम सोडून द्यावा, चालावं फक्त. स्नायूंची दुरुस्ती झोपेत होते.

बायकांना वेगळं सांगायचं तर एवढंच, की त्यांच्या वाट्याला वाकणं सर्वांत जास्त आणि चालायला जाणं सर्वांत कमी येतं. बचत गटाची बैठक झाल्यावर तिथूनच पाच-सहाजणींनी अर्धा तास चालायला निघावं. घरातून एकटीने निघण्यापेक्षा हे सोपं जातं. हृदयाचं दुखणं बाईत कधी छातीऐवजी जबड्यात, पाठीत, मळमळीत किंवा कारण नसलेल्या थकव्यात दिसतं. "पित्त झालं" म्हणून सोडा प्यायला देऊन ते दाबू नका.

आणि हे सगळं पिकाच्या वेळापत्रकात बसवा, नाहीतर आठवड्यात सुटेल. कांद्याची लागण पौषात जोरात असते. तेव्हा नवा व्यायाम सुरू करू नका, फक्त मागे झुकणं आणि चालणं चालू ठेवा. द्राक्षाच्या विरळणीआधी महिनाभर ट्यूब ओढायला घ्या. कांदा बराखीत पडला, यात्रा आटोपल्या, की पावसाआधीचे दोन-तीन आठवडे हाताशी असतात. तेव्हा बैठका वाढवा, सकाळी ऊन चढायच्या आत आठवड्याला एक गड करा. पावसात वाट निसरडी झाली की जिना आणि ओसरी. टोमॅटोची तोडणी तोंडावर आली की आधीचे तीन-चार आठवडे घरचं रिकामं कॅरेट घ्या, त्यात पाच किलो माती भरा, रोज दहा वेळा छातीशी धरून उचला, आणि दर चार दिवसांनी दोन-तीन किलो वाढवत न्या. गाडी दारात येईल तेव्हा वीस किलो कमरेला नवं नसेल.